टूर्मलीन ग्रॅनाइटच्या शेवटीच का येतं? नुसत्या बोरॉनवर का भागत नाही?

प्रश्न असा आहे की गोमुख-तपोवनच्या ट्रेकला पांढऱ्याशुभ्र ग्रॅनाइटमध्ये काळ्या काड्या दिसल्या, सोबतच्या कुणीतरी सांगितलं की हे टूर्मलीन, बोरॉन असलेलं मिनरल, मॅग्मा म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड गोठत आला की अगदी शेवटी बनतं. तर मग शेवटीच का, सगळ्याच ग्रॅनाइटमध्ये का नाही, आणि आपल्या मुंबईच्या दगडात ते का सापडत नाही? तीन वेगळे प्रश्न वाटतात पण उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. माझी बरीच वर्षं एक्सप्लोरेशनमध्ये गेली आणि आता मुंबईत बसून थिन सेक्शन म्हणजे दगडाचे अगदी पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघणं, मुलांना पेट्रोलॉजी म्हणजे खडकांचं शास्त्र शिकवणं हेच काम आहे, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

क्लासच्या नोट्समध्ये साधारण एवढंच असतं की बोरॉन कुठल्याच मिनरलमध्ये बसत नाही, म्हणून शेवटच्या रसात, म्हणजे अजून न गोठलेल्या मॅग्म्यात, साठत जातो आणि टूर्मलीन बनतं. हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लोखंडाचं आहे आणि ते कुणी सांगत नाही.

आधी बोरॉनचं बघू. ग्रॅनाइटमध्ये मुख्य काय असतं, क्वार्ट्झ, दोन प्रकारचे फेल्डस्पार आणि थोडं अभ्रक. बोरॉनचा अणू इतका लहान की तो तीन ऑक्सिजनमध्ये सपाट बसतो, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम चार ऑक्सिजनमध्ये बसतात, त्यामुळे क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या जाळीत त्याला जवळजवळ जागाच नाही. मस्कोवाइट म्हणजे पांढरं अभ्रक थोडाफार घेतं, बायोटाइट म्हणजे काळं अभ्रक तेवढंही नाही. म्हणजे मॅग्म्यातून स्फटिक बाहेर पडत राहतात आणि बोरॉन मागेच राहतो. आमटी आटवली की मीठ कुठे जात नाही, उरलेली आमटी खारट होत जाते, तसंच हे.

आता किती आटवायची ते आकड्यांत बघा, कारण तिथेच "शेवटीच का" याचं उत्तर आहे. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा रस बनवून बघितलाय, साधारण ७५० अंश सेल्सिअसला टूर्मलीन टिकून राहायचं असेल तर रसात बोरॉन ऑक्साइड जवळजवळ २ टक्के लागतो, तापमान उतरलं की ही मर्यादाही खाली येते. समजा मूळ मॅग्म्यात बोरॉन १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आहे, ऑक्साइडच्या हिशोबात ०.०३ टक्के. तिथून २ टक्क्यांवर जायचं म्हणजे साधारण ६० पट, म्हणजे मॅग्म्याचा ९८ टक्के भाग गोठून झाल्यावर! आणि मुळातच १००० पीपीएम असेल तर? सहा पट पुरतं, म्हणजे ८४ टक्के गोठलं की बास. गार रसाला मर्यादा कमी म्हणून प्रत्यक्षात याच्या थोडं आधीही सुरुवात होते, पण अंदाज येतो. त्यामुळे "शेवटी" म्हणजे किती शेवटी हे मॅग्मा कुठून आला त्यावर ठरतं, सगळीकडे एकच घड्याळ नाही.

मग बोरॉन येतो कुठून? समुद्रातून, आणि चिखलामार्फत. समुद्राच्या पाण्यात बोरॉन साधारण साडेचार पीपीएम असतो, तळाला जाणारी चिकणमाती तो ओढून घेते, विशेषतः इलाइट नावाचं क्ले मिनरल, त्यामुळे समुद्री शेलमध्ये, म्हणजे चिखल दबून झालेल्या दगडात, बोरॉन १०० पीपीएमच्या आसपास सापडतो. साध्या ग्रॅनाइटमध्ये सरासरी १०-१५ आणि बेसाल्टमध्ये तर अगदी थोडे पीपीएम. आता हा शेल गाडला गेला, उष्णता-दाबाने त्याचा शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक झाला, त्यातलं अभ्रक ७००-७५० अंशांना फुटून वितळायला लागलं, की अभ्रकात आणि जुन्या बारीक टूर्मलीनमध्ये अडकलेला बोरॉन त्या रसात येतो. हिमालयात हेच झालंय. गंगोत्रीचा जो पांढरा ग्रॅनाइट आहे, ज्यातून शिवलिंग आणि भागीरथीची शिखरं उभी आहेत, तो साधारण २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी असाच गाळाचे खडक वितळून तयार झालेला रस आहे. भागीरथी ३ चा फोटो बघा, खाली फिकट ग्रॅनाइटची भिंत आणि माथ्यावर काळा शेल, ज्या जुन्या गाळात हा ग्रॅनाइट घुसला तो वरती टोपीसारखा अजून शाबूत आहे.

चिखलातून आलेल्या मॅग्म्याचा दुसरा फायदा म्हणजे त्यात अ‍ॅल्युमिनियम जास्तीचं असतं. सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियमसाठी फेल्डस्पारला जेवढं अ‍ॅल्युमिनियम लागतं ते घेऊनही वर शिल्लक उरतं, आणि टूर्मलीनला अ‍ॅल्युमिनियमची भूक फार, वजनाने जवळजवळ एक तृतीयांश अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच असतो त्यात. उलट जे ग्रॅनाइट अल्कलीने, म्हणजे सोडियम-पोटॅशियमने, भरलेले असतात त्यांच्यात बोरॉन असला तरी टूर्मलीन टिकत नाही, अ‍ॅल्युमिनियम मोकळं नसतं आणि तशा रसात बोरॉन चार ऑक्सिजनमध्ये जाऊन बसतो, टूर्मलीनला तो तीनवाला हवा असतो.

आता लोखंड. हा भाग नीट वाचा, कारण परीक्षेत नसला तरी फील्डवर हाच कामाला येतो.

काळं टूर्मलीन म्हणजे शॉर्ल. त्याच्या वजनात बोरॉन ऑक्साइड साधारण १० टक्के आणि आयर्न ऑक्साइड साधारण २० टक्के. म्हणजे १ टक्का बोरॉन ऑक्साइड वापरून संपवायचा तर २ टक्के आयर्न ऑक्साइड हाताशी पाहिजे. आता हिमालयातल्या त्या पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये लोखंड आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून जेमतेम एक-दीड टक्का असतात, म्हणूनच तर तो पांढरा दिसतो. करा हिशोब. सगळंच्या सगळं लोखंड टूर्मलीनला दिलं तरी पाच-सात टक्क्यांच्या वर टूर्मलीन होऊ शकत नाही आणि अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या वरचा बोरॉन तसाच रसात राहतो. लोखंड संपलं की खेळ थांबला, बोरॉन कितीही असो. त्यामुळे खडकात किती टूर्मलीन दिसतंय त्यावरून मॅग्म्यात किती बोरॉन होता हे ठरवायला जाऊ नका, ते आकडे बऱ्याचदा बोरॉनचे नसून लोखंडाचे असतात.

आणि हे लोखंड आयतं मिळत नाही, बायोटाइट आधीच त्यावर बसलेलं असतं. बोरॉन कमी असेल तोपर्यंत लोखंड-मॅग्नेशियम बायोटाइटकडे जातं, बोरॉन वाढला की पारडं फिरतं. थिन सेक्शनमध्ये हे इतकं छान दिसतं, बायोटाइटची तपकिरी पट्टी कडेने कुरतडल्यासारखी झालेली, तिला लागून निळसर-तपकिरी टूर्मलीन आणि शेजारी नवा कोरा पोटॅश फेल्डस्पार, कारण बायोटाइट मोडलं की त्यातलं पोटॅशियम मोकळं होतं, टूर्मलीनला ते नको असतं, मग ते फेल्डस्पारमध्ये जातं. गंगोत्रीच्या ग्रॅनाइटमध्येसुद्धा टूर्मलीनवाला भाग आणि बायोटाइटवाला भाग वेगवेगळे दिसतात, दोघं भरपूर आणि एकत्र असं क्वचितच. पुढच्या वेळी बघाल तेव्हा काळ्या काड्यांच्या आजूबाजूला चकचकीत काळं अभ्रक आहे का शोधा, बहुतेक नसेलच, पांढरं मस्कोवाइट मात्र असेल.

मग जो बोरॉन उरतो त्याचं काय होतं? इथे पाणी येतं. बोरॉन असला की ग्रॅनाइटचा रस पातळ राहतो, जास्त पाणी धरून ठेवतो आणि खूप खालच्या तापमानापर्यंत गोठत नाही, प्रयोगात काही टक्के बोरॉन घातल्यावर गोठण्याचं तापमान शंभर अंशांहून जास्त खाली गेलेलं आहे. म्हणजे बोरॉन स्वतःच शेवटचा टप्पा लांबवतो. आता गंमत अशी की टूर्मलीन बनायला लागलं की तोच बोरॉन रसातून काढून घेतला जातो, रसाची पाणी धरायची ताकद कमी होते आणि पाणी वेगळं होऊन फ्लुइड म्हणून बाहेर पडतं, त्या फ्लुइडमध्ये थोडा बोरॉनही जातो. बंद जागेत फ्लुइड सुटलं की दाब वाढतो, दगड तडकतो, भेगांमधून हे गरम आम्लधर्मी पाणी आजूबाजूच्या खडकात शिरतं. तिथे लोखंड-मॅग्नेशियमची ददात नाही! शिस्टमध्ये बायोटाइट ठासून भरलेलं असतं. त्यामुळे पेगमॅटाइटच्या, म्हणजे शेवटच्या रसातून गोठलेल्या दगडाच्या, शिरेच्या आत फिकट दगड आणि बाहेर, शेजारच्या शिस्टमध्ये, शिरेला समांतर काळ्या टूर्मलीनच्या सुयांची किनार, असं चित्र दिसतं. बोरॉन मॅग्म्याचा, लोखंड शेजाऱ्याचं. या बाहेरच्या टूर्मलीनमध्ये मॅग्नेशियम जास्त असतं, अ‍ॅनालिसिस केलं की लगेच कळतं.

काही ग्रॅनाइटमध्ये काळ्या गाठी दिसतात, लिंबाएवढ्या ते नारळाएवढ्या, आत क्वार्ट्झ आणि टूर्मलीन, भोवती एक-दोन सेंटीमीटरचं पांढरं कडं आणि कड्यात बायोटाइट अजिबात नाही. यावर वाद आहे, काही जण म्हणतात बोरॉनवाल्या फ्लुइडचे बुडबुडे अर्धवट गोठलेल्या मॅग्म्यात अडकले, काही म्हणतात ग्रॅनाइट गोठून झाल्यावर पाण्याने केलेला बदल. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण बऱ्याच गाठींत टूर्मलीन फेल्डस्पारच्या पूर्ण वाढलेल्या स्फटिकांमधल्या फटी भरताना दिसतं, म्हणजे फेल्डस्पार उभे होते आणि मध्ये अजून काहीतरी वाहतं शिल्लक होतं. आणि ते पांढरं कडं तर माझ्या लोखंडाच्या मुद्द्याचा सरळ पुरावा आहे, गाठीने आजूबाजूचं लोखंड आत ओढून घेतलं.

पूर्ण गोठलेला ग्रॅनाइटच बोरॉनच्या पाण्याने बदलून गेला की काय होतं ते बघायचं तर कॉर्नवॉल, इंग्लंडचं नैऋत्य टोक, कथिलाच्या खाणींचा प्रदेश. तिथे लक्झुलियनाइट नावाचा दगड आहे, गुलाबी फेल्डस्पारचे मोठे तुकडे आणि त्यांच्यामध्ये काळं टूर्मलीन नि क्वार्ट्झ, टूर्मलीनच्या सुया एका बिंदूतून चहूबाजूंनी फुटलेल्या. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधली शवपेटी याच दगडाची आहे. हा तोच आर्थर वेलस्ली, जो १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. मला हे दर वेळी वर्गात सांगावंसं वाटतं, कारण इतिहास आवडणारी मुलं तेवढ्यावरून हा अवघड दगड लक्षात ठेवतात.

पेगमॅटाइटबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं, पण रत्नांमुळे सगळे तिथेच येतात म्हणून थोडक्यात. पेगमॅटाइट म्हणजे त्या शेवटच्या रसाची शीर, भिंतीपासून आतल्या बाजूला गोठत जाते. भिंतीजवळ काळं शॉर्ल सुरू होतं, भिंतीकडचं टोक निमुळतं आणि आत जाताना रुंद, त्यामुळे एका तुटलेल्या तुकड्यावरूनही शिरेचा मध्य कुठल्या बाजूला होता ते सांगता येतं. बहुतेक शिरांची गोष्ट एवढ्यावरच संपते. झारखंडातलं कोडरमा असो, आंध्रातलं नेल्लोर असो, अभ्रकाच्या जुन्या खाणींच्या डंपवर काळं शॉर्ल भरपूर पडलेलं असतं, रत्न म्हणून त्याला किंमत नाही. ज्या मोजक्या शिरांमध्ये लिथियम पुरेसं साठलंय तिथे मात्र लोखंड संपल्यावर टूर्मलीन थांबत नाही, लोखंडाच्या जागी लिथियम आणि अ‍ॅल्युमिनियम घालून पुढे वाढतं, त्याला एल्बाइट म्हणतात. म्हणून एकाच स्फटिकात आधी काळं, मग थोडंसं लोखंड उरलेलं हिरवं, मग लोखंड गेल्यावर मँगनीजमुळे गुलाबी असा क्रम लागतो. गुलाबी रंगालाही वेळ लागतो बरं का, मँगनीज आधी जवळजवळ बिनरंगी असतं, आजूबाजूच्या फेल्डस्पार-अभ्रकातल्या पोटॅशियमचं नैसर्गिक रेडिएशन लाखो वर्षं लागल्यावर ते गुलाबी होतं. झवेरी बाजारात वॉटरमेलन टूर्मलीन म्हणून जो काप विकतात, आत गुलाबी बाहेर हिरवा, त्यात हा क्रम उलटा दिसतो, म्हणजे गुलाबी झाल्यावर पुन्हा कुठून तरी लोखंड आलं, बऱ्याचदा पोकळी तडकून शेजारच्या मिनरल्समधून किंवा बाहेरच्या खडकातून. तिथेही ठरवतंय कोण, लोखंडच.

एक गैरसमज खोडून टाकतो, कारण रिपोर्ट्समध्ये सारखा दिसतो. टूर्मलीन दिसलं की "हायड्रोथर्मल" म्हणजे गरम पाण्यातून बनलेलं असं लिहून मोकळं होतात. तसं नसतं. हिमालयातल्या ग्रॅनाइटसारखा मॅग्मा मुळातच बोरॉनने भरलेला असेल तर टूर्मलीन थेट रसातून, मस्कोवाइटच्या बरोबरीने येतं. सुटे, चांगल्या आकाराचे स्फटिक, सगळ्या दगडभर सारखे पसरलेले, कधी फेल्डस्पारच्या पोटातसुद्धा सापडणारे, असं असेल तर ते मॅग्म्यातलं. भेगेच्या कडेने, गुच्छात, सुयांसारखं, जुन्या मिनरलला खाऊन बसलेलं असेल तर पाण्यातलं. एकाच स्फटिकात दोन्हीही असतात, गाभा मॅग्म्यातला आणि कडा पाण्यातली. आणि टूर्मलीनमध्ये अणू सहजासहजी इकडचे तिकडे सरकत नाहीत, त्यामुळे हे थर कोट्यवधी वर्षं जसेच्या तसे राहतात. बोरॉनचे दोन आयसोटोप (वेगवेगळ्या वजनाचे अणू) असतात, १० आणि ११, समुद्राच्या पाण्यात जड ११ चं प्रमाण बरंच जास्त आणि खंडाच्या कवचात कमी, प्रोब नावाच्या यंत्राखाली थरागणिक ते मोजलं की बोरॉन कुठून आला याचा चांगला माग लागतो. मला विचाराल तर ग्रॅनाइटमध्ये याच्याइतकी नीट नोंद ठेवणारी मिनरल्स फार थोडी आहेत.

आता मुंबई. आपल्या पायाखाली मुख्यतः दख्खनचा बेसाल्ट आहे, अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्यातलाच, साधारण ६ ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा मॅग्मा पृथ्वीच्या कवचाखालच्या मँटलमधून आलेला, हजार अंशांच्या वरचा, बोरॉन नगण्य, जास्तीचं अ‍ॅल्युमिनियम नाही आणि वर येऊन पटकन गोठलेला, आटवायला वेळच मिळाला नाही. लोखंड मात्र भरपूर! म्हणजे गंगोत्रीच्या अगदी उलट, तिथे बोरॉन उरतो आणि लोखंड संपतं, इथे लोखंड पडून आहे आणि बोरॉनचा पत्ता नाही. मढ किंवा उत्तनकडचे रायोलाइट-ट्रॅकाइट ग्रॅनाइटच्या जवळचे असले तरी ते याच ज्वालामुखीच्या कुटुंबातले, चिखल वितळून आलेले नाहीत. मुंबईत बोरॉन शोधायचाच तर तो दगडात शोधू नका, ठाण्याच्या खाडीच्या चिखलात शोधा, त्याच्या क्लेमध्ये समुद्राचा बोरॉन आजही चिकटतोय.

आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याचं, कारण तेही हमखास विचारतात. मुंबईतल्या घरांत काळा ग्रॅनाइट म्हणून जो ओटा असतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे बेसाल्टच्या जातीचा काळा दगड, असतो, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी हा त्यातलाच, त्यात टूर्मलीन शोधण्यात अर्थ नाही. पांढऱ्या किंवा करड्या स्लॅबमधले काळे ठिपके बहुतेक बायोटाइट, कधी हॉर्नब्लेंड हे दुसरं काळं मिनरल. पॉलिश न केलेल्या कडेला सुईचं टोक लावून बघा, पापुद्रा सुटला तर बायोटाइट. टूर्मलीनला सुईने काही होत नाही, ते सात-साडेसात कठीण, सपाट पापुद्र्यांत फुटत नाही, काचेसारखं वेडंवाकडं फुटतं. आडवा काप मिळाला तर त्रिकोण दिसतो, बाजू किंचित फुगीर, आणि उभ्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक रेघा. हॉर्नब्लेंडमध्ये दोन दिशांना चिरा असतात आणि त्या साधारण ५६ आणि १२४ अंशांत छेदतात, टूर्मलीनमध्ये तसं काही नाही.

थिन सेक्शन हाताशी असेल तर काम दोन सेकंदांचं आहे. मायक्रोस्कोपचा वरचा पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेचा करणारी काच) काढा, स्टेज फिरवा. बायोटाइटची पट्टी खालच्या पोलरायझरच्या दिशेला समांतर आली की सगळ्यात गडद होते, टूर्मलीनचं उलट, काडी त्या दिशेला आडवी आली की गडद होते आणि समांतर आली की फिकट. तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये पोलरायझर कुठल्या दिशेला बसवलाय हे मात्र आधी एखाद्या ओळखीच्या बायोटाइटवर तपासून घ्या, कॉलेजांच्या लॅबमध्ये तो बऱ्याचदा फिरलेला असतो.